महालक्ष्मीनं मुंबईला जाताय? मग व्हीटीवर तासभर थांबा

महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी मुंबईला लागली की आपले कोल्हापूरचे लोक बॅगा उचलतात आणि टॅक्सीच्या दिशेनं सुटतात. मंत्रालय असो, कोर्टाची तारीख असो नाहीतर पोरीचं ॲडमिशन, मुंबईत आलोय म्हणजे घाई करायलाच पाहिजे असं आपण धरूनच चालतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, तसं करू नका. ज्या इमारतीत तुम्ही उतरता ती व्हीटी, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिच्यासारखी इमारत मुंबईत दुसरी नाही. बघायला पैसे पडत नाहीत. आणि तिची रचना एकदा डोक्यात बसली की पुढचा दिवसही सोपा जातो.

यावेळी मी आत्याला घेऊन गेलो होतो. आत्या निवृत्त शिक्षिका, गुडघे दुखतात, पण बघायची हौस दांडगी. काम मंत्रालयात होतं आणि तिथं सर्वसामान्यांना दुपारनंतरच आत सोडतात, म्हणजे सकाळ आमचीच होती.

गाडी कोल्हापुरातून रात्री नऊच्या आत सुटते आणि सकाळी साडेसातच्या सुमाराला मुंबईत पोचते. वेळा अधूनमधून बदलतात, निघायच्या दिवशी बघून घ्या. अंतर ५१८ किलोमीटर. आपलं स्टेशनही काही कालचं नाही. संस्थानानं मिरजेपर्यंत टाकलेली ही लाइन १८९१ साली सुरू झाली. शाहू महाराजांच्या नावाच्या टर्मिनसवरून निघायचं आणि शिवाजी महाराजांच्या नावाच्या टर्मिनसवर उतरायचं, असा हा प्रवास. दोन्हीकडं रूळ संपतात, त्यामुळं स्टेशन चुकायची भीती नाही. कोल्हापुरात स्टेशनला बसस्थानकाकडून चालत येता येतं, पण राजारामपुरीकडून येत असाल तर पावसाळ्यात परीख पुलाखाली पाणी साचतं हे लक्षात ठेवून लवकर निघा.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवा: उतरायचं कुठं? टाटा हॉस्पिटलला जायचं असेल तर व्हीटीपर्यंत येऊच नका. दादरला उतरा, परळ तिथून जवळ आहे. आजारी माणसाला उगाच शेवटपर्यंत नेऊन परत उलटं आणायचं, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. ठाणे-डोंबिवलीकडं पाहुणे असतील त्यांनी कल्याणला उतरावं. फोर्ट, कुलाबा, मंत्रालय, हायकोर्ट इकडं काम असेल तरच शेवटपर्यंत या.

आता स्टेशनची रचना. इथं एकूण १८ फलाट आहेत. १ ते ७ लोकलचे, ८ ते १८ लांबच्या गाड्यांचे. लोकलमध्येही १ आणि २ हार्बरचे, म्हणजे वाशी-पनवेलकडचे. बाकीचे कल्याणच्या बाजूचे. आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट ही की सगळे फलाट एका टोकाला येऊन थांबतात. त्या टोकाच्या मोकळ्या जागेतून तुम्ही लांबच्या गाडीच्या फलाटावरून लोकलच्या फलाटावर सपाट जमिनीवरून चालत जाऊ शकता. जिना नाही, पूल नाही. एरवी मिरजेला गाडी बदलताना पूल चढून दमणाऱ्या आत्याला हे ऐकूनच निम्मं बरं वाटलं. फक्त गाडी लांबलचक असते आणि टोकापर्यंतचं चालणं मोठं होतं. बरोबर वयस्कर माणूस असेल तर हमालाशी किंवा व्हीलचेअरबद्दल आधीच बोलून ठेवा, आणि सगळी गर्दी पुढं गेल्यावर सावकाश उतरा. गाडी कुठं पळून जात नाही.

बाहेर पडायच्या दिशा दोन. १८ नंबरच्या बाजूनं गेलात तर पी. डिमेलो रोड आणि सेंट जॉर्ज हॉस्पिटल. दुसऱ्या बाजूला दादाभाई नौरोजी रोड, समोर महानगरपालिका, भुयारी मार्ग आणि बसेस. रिक्षा शोधू नका. दक्षिण मुंबईत रिक्षा चालतच नाहीत. काळी-पिवळी टॅक्सी घ्या, मीटर टाकायला लावा. मंत्रालयाला जायचं असेल तर आता भुयारी मेट्रो आहे. तीन नंबरची ही लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली. विधान भवन स्टेशनला उतरलं की मंत्रालय चालत. लोकलनं कुठं जाणार असाल तर वेगळं तिकीट काढा आणि इंडिकेटरवर जलद की धीमी ते बघा. जलद गाडी सगळीकडं थांबत नाही. सकाळी गर्दी व्हीटीकडं येणाऱ्या गाड्यांना असते, इथून दादरकडं जाणाऱ्या बऱ्यापैकी रिकाम्या मिळतात.

सामान क्लोकरूममध्ये ठेवायचं तर बॅगेला कुलूप आणि जवळ प्रवासाचं तिकीट पाहिजे. म्हणून घरातून निघतानाच एक छोटं कुलूप टाका. झाकण नसलेल्या पिशव्या आणि गुळाची ढेप घातलेली खोकी इथं अडचणीची ठरतात. स्टेशनात पुनर्विकासाची कामं चालू असल्यामुळं वाटा बदलतात. पाट्या वाचत चला.

हे सगळं झालं की मग खरी गोष्ट. लोकलच्या तिकीटघरात जा. रोज लाखो माणसं तिथून वर न बघता जातात. आम्ही एका खांबाला टेकून बाजूला उभे राहिलो. वर कमानींचं छत, त्यावर तारे. त्यावरूनच या दालनाला स्टार चेंबर म्हणतात. खांबाच्या माथ्यावर दगडातून पानं बाहेर आलीत, एकेका पानाची शीर मोजून घ्यावी अशी. हे कोरीवकाम इथल्याच आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. आत्या म्हणाली, "अरे, पोरांनी केलंय हे! नावं कुठं लिहिलीत का बघ." नावं नाहीत. मला ते फार लागलं. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचा, हे जिथं तिथं वाचायला मिळतं.

बांधकाम १८७८ ला सुरू झालं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १८८७ साली, स्टेशनला तिचं नाव दिलं गेलं. खर्च सुमारे १६ लाख रुपये. १९९६ ला नाव बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ ला त्यात महाराज जोडलं गेलं. २००४ पासून हा जागतिक वारसा आहे. आणि याच भागातून, जुन्या बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३ ला ठाण्यापर्यंतची ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी निघाली.

बाहेरून बघायचं तर भुयारी मार्गानं रस्ता ओलांडून पालिकेच्या बाजूला उभं राहा. घुमटावर मशाल घेतलेली स्त्री आहे, दुसऱ्या हाताशी चाक; ती प्रगतीची मूर्ती. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. पालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, त्यामुळं एकाच जागी उभं राहून दोन्ही बघून होतात. घुमटाखाली मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे, तिथं असं उठून जाता येत नाही. आतलं वारसा दालन बघायचं असेल तर कामाच्या दिवशी या आणि आधी चौकशी करा.

लांबच्या गाड्यांच्या हॉलमध्ये दोन मिनिटं थांबाच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री इथं गोळीबार झाला आणि ५० हून जास्त माणसं गेली. त्यात गाडीची वाट बघत बसलेली, गावाकडं निघालेली माणसं होती, आपल्यासारखीच. त्याच वेळी लोकलच्या बाजूला विष्णू झेंडे हे उद्घोषक माईकवरून लोकांना बाहेर पडायला सांगत राहिले, आणि कितीतरी लोक वाचले. त्या आवाजाची आठवण प्रत्येक प्रवाशानं ठेवायला हवी.

खाण्याचं म्हणाल तर स्टेशनसमोरच्या 'आराम' उपाहारगृहात वडापाव चांगला मिळतो. आपल्याकडच्या तिखटाची अपेक्षा मात्र ठेवू नका.

परतीची महालक्ष्मी रात्री आठनंतर सुटते, म्हणजे नेमकी ऑफिसं सुटल्यावरच्या गर्दीत. तरीही शक्य असेल तर व्हीटीवरूनच बसा. दादरला गाडी थोडाच वेळ थांबते, सामानासकट चढताना वयस्कर माणसांची तारांबळ उडते. इथं गाडी आधीच लागलेली असते आणि बर्थ शांतपणे लावता येतो. उपनगरात उतरला असाल तर संध्याकाळी व्हीटीकडं येणाऱ्या लोकलला त्या मानानं गर्दी कमी असते, त्या धरा. पाणी आणि जेवण सुटण्याआधी घेऊन ठेवा. सकाळी मिरज आलं की जयसिंगपूरकरांनी बॅगा दाराशी आणाव्यात, कोल्हापूरच्या लोकांनी अजून अर्धा तास तरी निवांत झोपावं.