दोन कंपन्या एक झाल्या, पण संतोष शिंदे किती?

आमच्या कंपनीने पवईतली एक छोटी कंपनी विकत घेतली. नावं नकोत, दोघांचंही सॉफ्टवेअर पतसंस्था आणि छोटे फायनान्सवाले वापरतात एवढं पुरे. टाऊनहॉल झाला, सिनर्जी सिनर्जी झालं, केक कापला, आणि लगेच आमच्या टीमला फर्मान की दिवाळीपर्यंत एकच प्रॉडक्ट हवं.

लोकांना वाटतं खरी मारामारी प्रोग्रॅम कशात लिहायचा, जावा की डॉटनेट, यावर होते. होतेच, पण ती सुटते हो. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये सबीर भाटियाची ईमेल सेवा हॉटमेल घेतली तेव्हा ते फ्रीबीएसडी आणि सोलारिस या दुसऱ्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचं, विंडोजवर आणायला काही वर्षं गेली, पण आलं ना शेवटी.

डेटाचं तसं नाही. त्यांच्याकडचा कस्टमर आणि आपल्याकडचा कस्टमर एकच माणूस आहे का, हे ठरवायचं कोणी? आणलेलं मॅचिंग टूल नाव, जन्मतारीख आणि पिनकोड बघायचं. आता एकीकडे 'शिंदे संतोष बाळू', दुसरीकडे 'संतोष बी शिंदे'. बायकांचं तर लग्नाआधी मधे वडिलांचं नाव, नंतर नवऱ्याचं, आडनावही वेगळं, म्हणजे एकाच बाईच्या दोन-तीन नोंदी. आणि वर १ जून! घरात जन्मतारीख कोणी लिहून ठेवली नसेल तर शाळेत नाव घालताना गुरुजी सरळ १ जून टाकायचे, गावाकडे अर्ध्या वर्गाचा वाढदिवस त्याच दिवशी. टूलला हे कोण सांगणार, त्याने एकाच पिनकोडमधले दोन वेगळे संतोष शिंदे, दोघेही १ जूनचे आणि एकाच सालचे, एक करून टाकले आणि एकाचं कर्ज दुसऱ्याच्या माथी. नशीब टेस्ट रन होता.

पकडलं कोणी? त्यांच्या सपोर्टमधल्या एका मॅडमनी, ज्या रोज साताऱ्याकडच्या शाखांचे फोन घेतात. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "अहो, आधी १ जूनवाले बाजूला काढा." आणि यांचंच नाव नोकरकपातीच्या यादीत!

मग म्हटलं बँक खात्यावरून जुळवू. तिथे दुसऱ्यांच्याच मर्जरचा राडा. देना आणि विजया बँक २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक २०२० ला युनियन बँकेत, त्यांच्या शाखांचे जुने आयएफएससी कोड २०२१ मध्ये बंद झाले, पण आमच्या कितीतरी नोंदींत अजून तेच पडलेत. शेवटी पॅन जुळला तर आपोआप, नाहीतर शाखेला विचारून माणसानेच बघायचं असं ठरलं. स्लो आहे, पण काय करणार.

मॅनेजमेंटला एका वीकेंडला सगळं हलवायचं होतं. तेव्हा त्यांना ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं दाखवलं. स्पेनच्या साबाडेल बँकेने ती घेतल्यावर एप्रिल २०१८ मध्ये सगळे ग्राहक एकदम नव्या सिस्टीमवर नेले, १९ लाखांच्या आसपास लोकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना, आणि २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पौंडांवर दंड बसला. दंडाचा आकडा बघून सगळे शांत.

दिवाळी कधीच गेली. आता एका वेळी एक जिल्हा हलवतोय, सातारा झाला, सांगली चालू आहे. मॅडमचं नाव यादीतून काढलं का, ते एचआर काही सांगत नाहीये, आम्ही दर शुक्रवारी विचारतो.