पिशवीवरचं भोक

"ही नको, हिला भोक पडलंय."

रांगेत माझ्या पुढचे काका कॉफीच्या बियांची पिशवी परत करत होते. दुकानातल्या मुलाने निमूटपणे दुसरी दिली. भोक तिलाही होतंच!

ती असते झडप. भाजलेल्या बियांमधून पुढचे कित्येक दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. झडप त्याला बाहेर सोडते, पण हवा आत येऊ देत नाही. नाहीतर पिशवी टम्म फुगेल.

मला खटकलं ते वेगळंच. एवढी उलटीपालटी करून पाहिलेल्या त्या पिशवीवर भाजल्याची तारीख कुठेच नव्हती. होतं ते फक्त 'अमुक तारखेपूर्वी वापरा', तेही जवळजवळ वर्षभर पुढचं. तोवर बिया नासणार नाहीत, कबूल. पण सुगंध काही आठवड्यांतच उतरायला लागतो. दळलेल्या पुडीचा तर त्याच्याही आधी.

घरी आणल्यावर फार काही करायचं नसतं. हवाबंद डबा, आतलं न दिसणारा, शेगडीपासून लांब. काचेच्या बरण्या फोटोत छान दिसतात, बियांना मात्र उजेड मानवत नाही. फ्रिज तर नकोच. ओल लागते, शिवाय शेजारच्या लसणाचा वास. (फ्रीझर चालतो, पण छोट्या हवाबंद पाकिटांत. आणि बाहेर काढल्यावर गारवा पूर्ण जाईपर्यंत पाकीट उघडायचं नाही.)

दूध घेताना तारीख बघणारे आपण कॉफी घेताना "कधी भाजलीय?" एवढं का विचारत नाही? तुम्ही विचारता?