कॅरेरा एस आणि जीटी३, एकाच दिवशी

आज दोन पोर्शे ९११ चालवायला मिळाल्या, कॅरेरा एस आणि जीटी३, दोन्ही ९९१.२ (पोर्शेचं या पिढीचं सांकेतिक नाव) पिढीच्या, आणि जीटी३चा आवाज अजून कानातून जात नाहीये!

सकाळी जर्मनीत बाडेन-बाडेनहून फ्रॉइडेनश्टाटकडे जाणाऱ्या बी ५०० रस्त्यावर कॅरेरा एस. तीन लिटर, दोन टर्बो, ४२० हॉर्सपॉवर. खरी मजा ५०० न्यूटन-मीटर टॉर्कची (म्हणजे इंजिनाच्या ओढीची), कारण तो १७०० आरपीएमपासूनच हजर असतो. वळण संपलं, पुढे ट्रक दिसला, गिअर न बदलता पाय दाबला की ओव्हरटेक झालाच. रस्त्यासाठी मला याहून चांगलं इंजिन नको.

दुपारी हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर जीटी३. चार लिटर, टर्बो नाही, ५०० हॉर्सपॉवर. टॉर्क मात्र ४६०च, तोही ६००० आरपीएमला. पण हेअरपिनमधून, म्हणजे यू-टर्नसारख्या वळणातून, बाहेर पडताना ॲक्सिलरेटर जेवढा दाबाल तेवढीच ताकद मागच्या चाकांना मिळते, त्याच क्षणी. टर्बोमध्ये एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरून हवेचा दाब तयार होईपर्यंत किंचित उशीर लागतो. रस्त्यावर तो जाणवतही नाही, पण टायर पकड सोडायच्या बेतात असताना तेवढ्यानेही अंदाज चुकतो. आणि सात हजारांच्या पुढे, जिथे कॅरेराचं इंजिन दमायला लागतं, तिथे हे पेटतं, थेट ९००० पर्यंत. अंगावर काटा आला अक्षरशः.

ट्रॅकसाठी माझं मत डोळे मिटून जीटी३ला. मॅन्युअल गिअरबॉक्सवाली कुणी चालवली असेल तर कमेंटमध्ये सविस्तर लिहा, मला तिच्याबद्दल खूप ऐकायचंय.