भडंगला घर पाहिजे

आज भडंग ह्या कुत्र्याला कृष्णाकाठाला फिरवून आणलं, म्हणजे खरं तर त्यानेच मला फिरवलं, नाक जमिनीला लावून दिसेल त्या झुडपात घुसत होता, कॉकर स्पॅनिअल ना, झुडपातले पक्षी उठवायलाच ही जात तयार केलेली. कुणीतरी सोडून दिलेला, वर्षाचा पण नसेल, सध्या आमच्याकडे फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला आहे. पाणी प्यायला लागला की दोन्ही कान वाटीत, मग आई पदराने पुसत बसते (घरात कुत्रं नको म्हणणारी हीच!). कान ओले राहिले की इन्फेक्शन होतं, केस रोज विंचरायचे, हे आधीच सांगते. सकाळी एकाचा फोन, 'ब्रीडिंगला चालेल का', सरळ कट केला. नसबंदी करूनच देणार. सांगली-मिरजेत कुणी असेल तर घरी या, तासभर त्याच्यासोबत बसा, मग बोलू.