20 ऐवजी 17 पॅलेट
मार्चचा तिसरा आठवडा, निफाड तालुक्यातलं आमच्या बागायतदार संस्थेचं पॅकहाऊस. रॉटरडॅमचा कंटेनर दारात उभा आणि थॉमसन द्राक्षांचे तीन पॅलेट, म्हणजे दोन टन माल, कमी. सकाळी ज्या प्लॉटवर काढणी लावायची होती, तो आदल्या संध्याकाळी एका व्यापाऱ्याने बांधावर रोखीने उचलला होता.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षाला तोटा नाही, पण युरोपचा माल शेजारून आणता येत नाही. प्लॉट ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या बागांच्या सरकारी नोंदणीत, नोंदलेला हवा, त्याच प्लॉटचा रेसिड्यू अहवाल, म्हणजे औषधांच्या अंशांची तपासणी, पास हवा. आमच्या यादीतले उरलेले दोन प्लॉट 15 ब्रिक्सवर अडकले होते, म्हणजे साखर अजून कमी होती. एका प्रतीचा सगळा माल आमच्याकडे एकाच पूलमध्ये जातो, खर्च वजा जाता किलोला बसेल तो सरासरी दर सगळ्यांना. आंबट घड भरले असते, तर पस्तीस जणांचा भाव पडला असता.

थांबणंही शक्य नव्हतं, बाकीचा माल थंड होऊन तयार होता. मण्याचा गाभा 4 अंशांखाली आल्यावरच आम्ही पेटीतला प्लास्टिकचा पाऊच बंद करतो. गरम मालावर बंद केला तर आत पाणी सुटतं, माल सडू नये म्हणून ठेवलेला सल्फरचा पॅड गॅस एकदम सोडतो आणि देठापाशी मणी पांढरे पडतात. ते सगळं नीट झालेलं होतं. सतराच भरले. कंटेनरच्या दाराकडच्या मोकळ्या जमिनीवर जाड पुठ्ठा अंथरला, नाहीतर खालून येणारी गार हवा तिथूनच वर निघून जाते, पेट्यांत शिरत नाही.

भाडं कंटेनरचं असतं, मालाचं नाही. किलोमागे ते सुमारे 18 टक्क्यांनी वाढलं. एकट्या दोन एकरवाल्याला कंटेनर भरत नाही, म्हणून तर 1991 साली सहकारी संस्थांनी मिळून द्राक्ष निर्यातीसाठी महाग्रेप्स उभी केली.

सभेत सगळ्यांनी व्यापाऱ्याला दोष दिला. मला तो दोष पटत नाही. सोसायटीचं पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं नाही तर व्याजसवलत जाते, आणि आमची पट्टी, म्हणजे मालाचे पैसे, येते जूनमध्ये. आठ दिवसांत निम्मी उचल दिली असती, तर तो प्लॉट हातचा गेला नसता.

वाढीव भाडं त्या प्लॉटच्या सभासदाच्या ठेवीतून कापलं. त्याने वाद घातला नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर प्लॉट नोंदणीचा अर्ज घेऊन आला. म्हणाला, "भाऊ, उचल कधी मिळेल तेवढं लिहून द्या."

तो अधिकार माझ्याकडे नाही. अर्ज कमिटीच्या फाईलीत आहे.