मोहरीएवढे बुडबुडे

डिचोलीतला मे महिना आणि गाडीचा एसी गरम वारा मारतोय. दरवर्षी गॅस भरायचा नि विसरायचं, असंच चाललं होतं. पण गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे संपायला? कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोयच.

आज सकाळी गाडी माडाखाली लावली (नारळ पडेल म्हणून आईने दोनदा ऐकवलं), इंजिन बंद केलं आणि भांड्याच्या साबणाचं दाट पाणी रंगाच्या जुन्या ब्रशने फासत सुटलो. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेलही झिरपतं, म्हणून तेलकट धूळ शोधत होतो. कंडेन्सर (गॅस थंड करणारी पुढची जाळी) कोरडा, पाइपांचे सांधे कोरडे. शेवटी लो साइडच्या, म्हणजे कमी दाबाच्या पाइपवरच्या, गॅस भरायच्या व्हॉल्व्हवर ब्रश टेकवला, तर मोहरीएवढे बुडबुडे हळूहळू फुगायला लागले. वरची टोपीही गायब!

तो व्हॉल्व्ह मात्र स्वतः उघडला नाही. आतला गॅस, आर-१३४ए, उणे २६ अंशांना उकळतो, बोटाचं कातडं जायचं. ओळखीचा मेकॅनिक मशीन घेऊन घरी आला. उरलेला गॅस काढला, व्हॉल्व्हचा कोर (आतली झडप) बदलला, अर्धा तास पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम. मग मीटरचा काटा हलला नाही, म्हणजे गळती थांबली. मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच गॅस तोलून भरला.

संध्याकाळी म्हापशाला जाऊन आलो. येताना आई मागून म्हणते, "कमी कर रे, खांदे धरले माझे."