वाढ्याचा मुरघास: युरिया किती, मळी किती

फेब्रुवारीत पंढरपूर-माळशिरसच्या फडात ऊसतोड चालू असते आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारीची काढणी. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि नवा कडबा एकाच वेळी हाताशी येतो, तर मुरघासही (हवाबंद आंबवलेला चारा) एकत्रच घालावा. ताज्या वाढ्यात पाणी ७२ टक्क्यांच्या आसपास, वाळल्या कडब्यात १०. ९० किलो वाढ्याला १० किलो कडबा घातला की मिश्रण ६५-६६ टक्क्यांवर येतं. बारीक कापलेला चारा, म्हणजे कुट्टी, मुठीत आवळून बघा. पाणी ठिबकलं तर कडबा वाढवा. मूठ उघडताच गोळा विस्कटला तर पाणी शिंपडा. ओल चुकली तर पुढं काहीही घाला, वायाच जातं.

एक टन कुट्टीला ५ किलो युरिया, १० किलो मळी (साखर कारखान्यातला गोड, दाट पाक), ५ किलो मीठ. युरिया काट्यावरच मोजा आणि २० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. तळाशी राहिलेला खडा एखाद्या म्हशीच्या पोटात गेला तर ती फुगते, थरथरते आणि तासाभरात दगावू शकते. १०० किलोला ४ किलो हे प्रमाण ऐकलं असेल, पण ते वाळल्या कडब्याच्या युरिया प्रक्रियेचं. तिथं अमोनिया हवा असतो, इथं आम्ल. मुरघासात तेवढा युरिया पडला तर तो आम्ल मारतो आणि चारा आंबायच्या ऐवजी कुजतो.

मळीचंही तसंच. वाढ्यात साखर मुळातच असते. मळी जास्त झाली की यीस्ट माजतं, दारूसारखा वास सुटतो, आणि मुरघासाची बॅग उघडल्यावर चारा तापतो. म्हणून कल्चर (चारा आंबवणारे जिवाणू) घेताना लॅक्टोबॅसिलस बुकनेरी हा जिवाणू असलेलं बघा, ते यीस्टला आवर घालतं. ते बोअरच्या पाण्यात वेगळं कालवा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं जिवाणू मरतात.

कुट्टी २ सेंटिमीटरची हवी. कडब्याची धाटं लांब राहिली तर दबत नाहीत, मधे हवा राहते आणि पांढरी बुरशी धरते. बॅगेत १५-२० सेंटिमीटरचा थर, प्रत्येक थर तुडवायचा, मग तोंड हवाबंद. ४५ दिवस हात लावू नका.

चांगला मुरघास पिवळसर हिरवा, आंबूस वासाचा. खवट लोण्यासारखा वास आला तर ओल जास्त होती. बुरशीचा भाग काढून टाका, जनावराला नको. सुरुवात रोज ५ किलोनं, आठवडाभरात १५ वर न्या. सहा महिन्यांखालच्या वासराला युरियाचा मुरघास मुळीच नको. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं, तेव्हा दुभत्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नका.